‘आंघोळ झाली का?’ – आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, हे ‘सा. न.’ बघून हसाल, पण पत्र कसं सुरू करायचं हे तुम्हीच शिकवलंय. खरं तर व्हॉट्सअॅपवरच टाईप करायला बसले होते पण तीनदा लिहून तीनदा खोडलं, आणि फोनवर तर जमणारच नाही कारण फोन लागला की माझ्या तोंडातून आपोआप ‘मस्त चाललंय’ निघतं. म्हणून पत्र. बाबांनी आईला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मधली वाक्यं गाळायची नाहीत, मला माहितीये तुम्ही गाळता.

तर इथे ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट म्हणून एक सरकारी भत्ता आहे, सगळे त्याला पिप म्हणतात. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजचं जगणं अवघड होत असेल त्यांच्यासाठी, आणि त्यात मानसिक आजारही धरतात. बाबा आता विचारतील की नोकरी आहे ना मग भत्ता कसला. तर याचा नोकरीशी आणि पगाराशी संबंध नाहीये, नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. व्हिसावर होते तोपर्यंत अर्ज करता येत नव्हता, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, २०२१ ला झालं तेव्हापासून येतो. आणि मी आता आठवड्याला तीनच दिवस काम करतेय, हेही सांगितलं नव्हतं. जूनपासून.

अजून एक सांगितलं नव्हतं. हा अर्ज मी २०२३ मध्ये एकदा करून झालाय, तुम्ही येऊन गेलात त्यानंतर. शून्य पॉइंट मिळाले, म्हणजे नकार. अगदी शून्य. खाकी पाकिटातून पत्र आलं, त्यावर एका महिन्यात फेरविचार मागता येतो, पण मी ते पाकीट चहा-साखरेच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि महिना तसाच गेला. परवा त्या जुन्या फॉर्मची कॉपी काढून वाचली तर मलाच हसू आलं, प्रत्येक उत्तर असं की ‘थोडा त्रास होतो पण मॅनेज होतं’. स्वयंपाक, मॅनेज होतो. प्रवास, मॅनेज होतो. मॅनेज होतं म्हणणाऱ्या बाईला कोण कशाला पॉइंट देईल? बाबा, तुम्ही तहसीलमध्ये आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासलेत, एक रकाना मोकळा सोडायचा नाही, काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. मी तेच केलं, इंग्लिशमध्ये सगळीकडे निरंक लिहून आले.

या वेळी सिटीझन्स अॅडव्हाइसकडे गेले, तिथे फॉर्म भरायला फुकट मदत करतात. तिथल्या बाईंनी समजावलं की हा फॉर्म तुम्हाला कुठला आजार आहे हे फारसं विचारतच नाही. माझा मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा बायपोलर आणि तेच तेच तपासायला लावणारा ओसीडी, ही नावं पहिल्या एक-दोन पानांवर संपतात, गोळ्यांची यादीही तिथेच. पुढे रोजच्या दहा गोष्टी आणि हिंडण्या-फिरण्याच्या दोन, अशा बारा गोष्टींबद्दल प्रश्न, आणि प्रत्येकाला पॉइंट. आठ झाले तर साधा दर, बारा झाले तर वरचा. रोजच्या गोष्टींचा साधा दर २०२५-२६ साली आठवड्याला ७३.९० पौंड होता. (आई, रुपयात करत बसू नकोस, इथे ते इथल्यासारखेच उडतात.)

आणि ‘करता येतं का’ याचा अर्थ एकदा कसंबसं जमलं असा नाही. सुरक्षितपणे जमतं का, नीट जमतं का, लागेल तितक्या वेळा जमतं का आणि वाजवी वेळात जमतं का, हे चारही. वर निम्म्याहून जास्त दिवस अशी अडचण हवी. आता माझं तुम्हाला माहितीये, दोन आठवडे मी घर रंगवायला काढते आणि मग तीन आठवडे उशीवरून डोकं उचलत नाही, याचे निम्मे दिवस कसे मोजायचे? म्हणून दोन महिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री खूण करत होते, वाईट दिवसाला फुली. आई, तूच पाठवलेलं कालनिर्णय, एकादशीच्या शेजारी फुल्या. ६१ दिवसांत ३८ निघाल्या. मला स्वतःला वाटत होतं पंधरा-वीस असतील.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकाच्या प्रश्नाला लागला. एका माणसाचं ताजं साधं जेवण करता येतं का, एवढाच प्रश्न. आई तू म्हणशील, चौदाव्या वर्षापासून वरण-भात-भाजी करणाऱ्या मुलीने ‘येत नाही’ लिहिलं? येतो गं. पण कुकर झाला की मी गॅसचं बटण बघते, मग परत बघते, मग हाताने दाबून बघते, आणि ऑफिसला उशीर व्हायला लागला तेव्हा बंद बटणाचे फोटो काढायला लागले म्हणजे बसमध्ये बघता येईल. माझ्या फोनमध्ये गॅसच्या बटणांचे चारशेच्या वर फोटो आहेत. चार बटणं, सगळी सरळ उभी, कडेला फोडणीचा डाग. आणि बसमध्ये फोटो बघून वाटतं की हा आजचा आहे की कालचा, मग उतरायचं आणि घरी. म्हणून आता बहुतेक दिवस मी गॅस लावतच नाही, ब्रेड नाहीतर दही-पोहे. वाईट दिवसात तेही नाही. हे सगळं त्या चौकटीत लिहिलं, चौकट पुरली नाही, जादा कागद जोडले, प्रत्येकावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकून. ते लिहिताना इतकी लाज वाटली की दोन दिवस फॉर्म उलटा घालून ठेवला होता. भरायला एक महिना देतात, मी फोन करून मुदत वाढवून घेतली. तो फोन करायलाही चार दिवस गेले.

मग आंघोळीचा प्रश्न आला. त्यात असं होतं की कुणी आठवण करून द्यावी लागते का, मागे लागावं लागतं का. मी ‘नाही, एकटी राहते’ लिहून पुढे जाणार होते. त्या बाईंनी विचारलं, रोज सकाळी करतेस? म्हटलं, करते, आईचा फोन आला की. कधी येतो? सात वाजता, तिकडे साडेबारा झालेले असतात, ती जेवायला बसायच्या आधी करते. आणि काय बोलते? म्हटलं, ‘आंघोळ झाली का? गोळी घेतलीस का? मग आधी कर, मी फोन धरते.’ त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अगं हेच तर ते, आणि फोन आला नाही त्या दिवशी काय होतं? एप्रिलमध्ये तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा फोन नव्हते, आई. पाच दिवस. मी पाच दिवस आंघोळ केली नव्हती आणि लिथियमचे तीन डोस चुकले होते. तुला वाटत असेल की मी वैतागते त्या प्रश्नावर. वैतागतेच. पण फॉर्ममध्ये त्याचे पॉइंट आहेत, आंघोळीचे दोन आणि गोळीचा एक. कुणाची मदत मिळतेय का यापेक्षा ती लागते का, हे धरतात म्हणे.

प्रवासाचं पान मी अजून पूर्ण लिहिलेलं नाही, ते आज रात्री. मग एक मुलाखत होते, बहुधा फोनवर, आणि मला तीच भीती आहे, कारण अनोळखी माणसाशी मी एकदम फर्ड्या इंग्लिशमध्ये हसून-खेळून बोलते आणि फोन ठेवला की बेडखाली जाऊन बसते. मागच्या वेळी नकाराच्या पत्रात त्यांनी लिहिलंच होतं, बोलणं व्यवस्थित वाटलं म्हणून.

म्हणून तुमच्याकडे काम आहे. जवळच्या माणसाने जे बघितलंय ते लिहून दिलेलं जोडता येतं. २०२३ च्या मे ते जुलै तुम्ही इथे होतात. जूनमध्ये नऊ दिवस मी खोलीतून बाहेर आले नाही, आई दाराशी ताट ठेवायची आणि संध्याकाळी तसंच उचलायची, बाबा रात्री दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचल्यासारखं करत बसायचे, तोच पेपर. तुम्हाला वाटलं मला कळत नव्हतं. तेच लिहा. बाबांनी त्यांच्या ऑफिसच्या इंग्लिशमध्ये लिहिलं तरी चालेल, ‘आय बेग टू स्टेट’ने सुरू केलं तरी चालेल, पण मोघम नको, किती दिवस, किती वाजता, ताटात काय उरलं ते. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. काळ्या पेनाने लिहून फोनवर स्कॅन करून पाठवा, कुरियर नको. मला २४ तारखेच्या आत पोस्टात टाकायचंय.

आणि आई, तेव्हा मावशीचा फोन आला होता, तू पॅसेजमध्ये हळू आवाजात तिला सांगितलंस की पोरीला व्हायरल झालाय. मी आतून ऐकत होते. राग नाही आला, मीपण ऑफिसात तेच कळवलं होतं. फक्त या कागदावर व्हायरल लिहू नका.

तुमची,
चिऊ