भेळेचं नाव काढलं म्हणून

गुजरी, कोल्हापूर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रंकाळ्यावर तू विचारलंस, "आबा, आता या वयात मूल झालं तर तुम्हाला काय वाटेल?" आणि मी म्हणालो, "भेळ घेऊया का?" तू रागावली नाहीस. हसलीस, भेळ खाल्लीस, दुसऱ्या दिवशी पुण्याची एसटी धरलीस. मला मात्र ते लागून राहिलंय. असलं सगळं तुझी आई बोलायची. मी जन्मभर बागेसरीपुढं, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढं बसलेला माणूस, मान खाली आणि तोंडात फुंकणी. म्हणून लिहून कळवतोय.

माझ्या जन्माची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. मी १९५४ चा. आई तेव्हा त्रेचाळीस वर्षांची. थोरली अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तर इकडं आईलाच दिवस गेलेले. आई जावयासमोर यायची नाही. पाण्याला पहाटे अंधारात जायची, पेठेतल्या बायकांची गाठ पडू नये म्हणून. भाचा माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. मला मामा म्हणायचा आणि गोट्या जिंकून न्यायचा. तेव्हा आईला लोक "या वयात?" म्हणून हसले, आज तुला "अजून नाही?" म्हणून विचारतात. पेठ तीच आहे गं. तिच्या बोलण्याला किती तोळे धरायचं ते तूच बघ.

शेंडेफळ म्हणून माझे लाड भरपूर झाले. पण एक गोष्ट तुझ्या आईलाही मी कधी सांगितली नव्हती. दुसरीत असताना एकदा मी डबा विसरलो. आई तो घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. पांढरे केस, नऊवारीचा पदर डोक्यावर. मास्तर म्हणाले, "जा रे, तुझी आजी आलीय." मी म्हणालो, "होय." डबा घेतला आणि परत आलो. तिनं ऐकलं होतं. घरी गेल्यावर काही बोलली नाही, संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी चुरून दिली.

मी चौदा वर्षांचा असताना वडील गेले, आणि १९८० साली आई. तुझ्या आईनं सासू बघितलीच नाही. पण माझं अडलं नाही, कारण वर दादा होता, वहिनी होती, अक्का होती. दादानं मला मांडीशी बसवून जंतराच्या भोकांतून तार ओढायला शिकवलं. उशिरा झालेलं मूल तेव्हा घरावर वाढायचं. तुझ्या बाळाला तुम्ही दोघंच. मला त्यात धरू नकोस. मी एकाहत्तरचा, बाळ दहावीला जाईल तेव्हा मी सत्त्याऐंशी, असलो तर. "तू होऊ दे, मी सांभाळतो" म्हणणं सोपं आहे. सुरुवातीचे तीन-चार महिने मी तिकडं येऊन राहीन, झोळी हलवीन, बाजार आणीन. डिंकाचे लाडू मला येत नाहीत, ते काकू करून देईल. त्यापुढचा शब्द देऊन मला खोटं पडायचं नाही.

आपल्या गिऱ्हाईक आहेत त्या डॉक्टरीणबाई मंगळसूत्र ओवायला आल्या होत्या. धीर करून त्यांना विचारलं. तुझं नाव काढलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. बाई म्हणाल्या, बाईची बीजं जन्मतःच मोजून मिळालेली असतात, नवी होत नाहीत. पस्तिशीनंतर ती झपाट्यानं कमी होतात आणि उरतात त्यांचाही दर्जा उतरतो. एएमएच नावाची रक्ततपासणी असते, पण ती किती उरलीत याचा अंदाज देते, कशी आहेत ते सांगत नाही. तुला चाळिसावं लागलंय. या वयात आधी वाट बघायची आणि मग दाखवायचं, असं करू नये म्हणाल्या. आधीच दाखवावं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही दिवस राहायच्या आधीपासून सुरू करावी. गरोदरपणात बीपी आणि शुगरचा त्रास या वयात जास्त होतो. डाऊन सिंड्रोमचं मूल पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. म्हणजे नव्व्याण्णव जणींना तो प्रश्न येत नाही. पण आपल्या पदरात आला, तर तेव्हा शंभराचा हिशोब कोण करतो? त्यासाठी अकरा ते चौदा आठवड्यांत सोनोग्राफी आणि डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करतात. त्याचा निकाल मनाजोगता आला नाही तर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी आधीच बोलून ठेवा. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून नको.

आणि जावईबापूंचीही तपासणी करा. आपल्याकडं आधी बाईलाच दवाखान्यात नेतात, पुरुषाचं दोन-दोन वर्षं कुणी नावही काढत नाही. त्यांची पहिली तपासणी एका सकाळचं काम, सुईसुद्धा टोचत नाहीत.

तू जन्मलीस त्याच वर्षी, १९८६ च्या ऑगस्टात, मुंबईला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला. तुला मांडीवर घेऊन तुझ्या आईनं ती बातमी मला वाचून दाखवली आणि मी म्हणालो, "काचेत पोर वाढतंय होय?" आता त्याचा कायदाही झालाय, २०२१ चा. बाईला पन्नासपर्यंत, पुरुषाला पंचावन्नपर्यंत उपचार घेता येतात. पण कायद्यानं दिलेली मुदत शरीर पाळतंच असं नाही. आपलीच बीजं घेतली तर त्यांचं वय तेवढंच राहतं, हे बाईंनी दोनदा सांगितलं.

दत्तकाचं तूच बोलली होतीस. काकूच्या नातवानं मोबाइलवर नियम वाचून दाखवले. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज नोंदणीच्या दिवशी पंच्याऐंशीच्या वर नको. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला नव्वद चालते. तू एकोणचाळीस पुरी, ते त्रेचाळीस. झाले ब्याऐंशी. आणि ही बेरीज वर्षाला दोननं वाढते. म्हणून माझं एकच मागणं आहे. हो म्हणा, नको म्हणा, दत्तक म्हणा, पण "बघू" म्हणत राहू नका. पाडव्याच्या आत ठरवा.

मला नातवंड हवं होतं का? होतं, खोटं कशाला बोलू. तुझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी मी चांदीचे वाळे घडवले होते. टोकं उघडी ठेवली होती, पाऊल वाढेल तसे वाढवायला. तिजोरीत लाल कागदात होते. दरवेळी तिजोरी उघडली की हात आधी तिकडं जायचा. गेल्या दिवाळीत एक बाई घाईनं आल्या, बारसं दुसऱ्या दिवशी होतं. मी तेच काढून दिले. तुझ्या नावानं घडवलेली वस्तू तुला न विचारता विकली, म्हणून सांगतोय. लागलेच तर एका दुपारचं काम आहे.

पैशाची काळजी करू नका. तुझ्या आईच्या पाटल्या तुझ्याच आहेत. उपचाराला मोडाव्या लागल्या तर मोड. फक्त पुण्यात मोडू नकोस, वजनात मारतील.

आत्या अंबाबाईला तुझ्या नावानं नवस बोलायला निघाली होती. तिला मी सांगितलं, आधी पोरीला विचार. ती रुसलीय. तिचा फोन आला तर एवढं सांभाळून घे.

आणि या पत्रावर फोन करायचाच असेल तर रात्री नऊनंतर कर. दिवसा दुकानात माणसं असतात, मला ऐकू कमी येतं, आणि तू मोठ्यानं बोलतेस.

तुझे
आबा