डोकी मोजायची की गुरं?

कोपनहेगन,
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नफा सोडून हे पर्यावरणाचं लचांड गळ्यात कोण घेईल?" तेवढ्यात आईने फोन काढून घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर ते तयारही नव्हतं. बोलण्यात मी तुमच्यापुढे आजवर कधी टिकलेली नाही. पत्रात निदान मध्येच कोणी तोडत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुमची बाजू मान्य करून टाकते. आमच्या ऑफिसात दरवर्षी ताळेबंदासोबत 'शाश्वतता' नावाचं एक प्रकरण छापतात. गेल्या वर्षी त्यातले आकडे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. दिवे किती बदलले, कागदी कप किती कमी झाले, सगळं मोजलं. आमचा माल ज्या जहाजांनी जातो त्यांच्या धुराचा आकडा मागितला, तर "ते पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. मग एका हिरव्या पानाचा फोटो आला आणि प्रकरण छापून मोकळे झाले. तुमच्या हातात पडलं असतं तर लाल शाईने माखून परत आलं असतं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा अहवालांसाठी कडक नियम केले होते. हवामान बदलल्याने कंपनीचं काय नुकसान होईल एवढ्यावर थांबू नका, कंपनीमुळे बाहेरच्या जगाचं काय होतं तेही लिहा, असा त्यांचा गाभा. २०२५ मध्ये बऱ्याच कंपन्यांना त्यातून दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे केक कापला गेला.

तर अहवाल राहू द्या. मी तुम्हाला नळ दाखवते.

कालुनबोर्ग हे इथून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवरचं, समुद्रकाठचं छोटं शहर. वस्ती सोळा हजारांच्या आसपास. पाच मनोऱ्यांचं एक जुनं चर्च आहे आणि रेल्वे तिथेच संपते. शहराच्या कडेला वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, इन्सुलिनचा कारखाना, जिप्सम बोर्डाचा कारखाना, आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारे जाडजूड नळ. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले आणि दोन तास नळ बघत हिंडले. चर्च बघायला म्हणून बरोबर आलेली मैत्रीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

गोष्ट सुरू झाली ती पाण्यावरून. जमिनीखालचं पाणी जपायचं होतं, म्हणून १९६१ मध्ये तिस्यो नावाच्या तळ्याचं पाणी नळाने रिफायनरीपर्यंत आणलं. रिफायनरीत जास्तीचा वायू नुसता जाळून टाकत. १९७२ मध्ये जिप्समवाल्यांनी शेजारी कारखाना टाकला आणि तोच वायू आपल्याकडे जाळायला घेतला. वाट पडली ती अशी. पुढे वीजकेंद्राची राख सिमेंटला जाऊ लागली, वाफ रिफायनरीला आणि इन्सुलिनवाल्यांना, तर उरलेली उष्णता गावातली घरं गरम ठेवायला. इन्सुलिन तयार करताना उरणारा गाळ शेतात खत म्हणून पडू लागला आणि यीस्ट डुकरांच्या खाद्यात. १९९३ मध्ये वीजकेंद्राच्या धुरातलं गंधक काढून घेणारं यंत्र बसलं. त्या प्रक्रियेत जिप्सम तयार होतं. ते घ्यायला गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं, आणि खाणीतून आणायचं जिप्सम तितकं कमी झालं.

बाबा, यातलं काहीही कोणी आराखडा काढून केलेलं नाही. प्रत्येक नळ म्हणजे दोन पक्षांमधला वेगळा करार, वेगळी घासाघीस. एकाला टाकून द्यायचा खर्च वाचला, दुसऱ्याला कच्चा माल स्वस्त पडला. नफा कोणीच सोडला नाही. गाव लहान, कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे "तुमचं हे उरतं ते आम्हाला द्याल का?" हे विचारायला लाज वाटली नाही. सगळी घडी बसून गेल्यावर, १९८९ च्या सुमारास, तिला 'सहजीवन' असं भारदस्त नाव मिळालं. आता जगभरातून लोक बघायला येतात, माझ्यासारखे.

पण यात एक मेख आहे आणि ती तुम्ही बरोबर पकडाल. ते वीजकेंद्र आता कोळशाऐवजी लाकडाच्या तुकड्यांवर चालतं. कोळसा गेला की गंधक गेलं, गंधक गेलं की जिप्सम गेलं. शेजाऱ्याच्या उकिरड्यावर संसार मांडला आणि शेजारी स्वच्छ राहायला लागला, तर पंचाईत होणारच. त्यामुळे टाकाऊ माल विकला की सगळं सुटलं, असं मी म्हणणार नाही. एखादा टाकाऊ माल मुळात तयारच व्हायला नको असतो, आणि ते ठरवणारं कोणीतरी लागतं. कोण ठरवणार, हाच माझ्या मते खरा प्रश्न.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १८७० नंतर अमेरिकेतून आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात ओतलं जाऊ लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचं धान्य कोणी विचारेना. त्याने गाईंकडे मोर्चा वळवला. दुधातली मलई झटपट वेगळी करणारं फिरतं यंत्र नुकतंच निघालं होतं, पण ते एकट्याला झेपण्यासारखं नव्हतं. १८८२ मध्ये येडिंग नावाच्या गावात शेतकऱ्यांनी मिळून देशातली पहिली सहकारी डेअरी काढली. विसेक वर्षांत अशा डेअऱ्या हजारावर गेल्या. मला आवडतं ते त्यांचं हिशेबाचं गणित: पैसे वाटायचे ते दुधाप्रमाणे, मत मात्र माणशी एक. शंभर गाईंवाल्यालाही एकच आणि दोन गाईंवाल्यालाही एकच. डॅनिशमध्ये डोकं आणि गुरं या शब्दांत जेमतेम एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे त्यांची म्हणच पडली की मत डोक्यांप्रमाणे, गुरांप्रमाणे नाही. आणि मलई काढलेलं दूध? ते शेतकऱ्याकडे परत जायचं, डुकरांना पाजायला. कालुनबोर्गच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी, नळाशिवाय, तोच प्रकार.

हीच युक्ती त्यांनी पवनचक्क्यांना लावली. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या, समुद्रात कमानीसारख्या उभ्या असलेल्या वीस पवनचक्क्यांचा फोटो मी पाठवला होता ना, ती मिडलग्रुंडेन. २००० मध्ये बांधल्या, प्रत्येकी दोन मेगावॉटच्या. त्यांतल्या दहा शहराच्या वीज कंपनीच्या, दहा सामान्य लोकांच्या. साडेआठ हजारांच्या आसपास सभासद, ४०,५०० भाग, एकेक ४,२५० क्रोनरचा (क्रोनर म्हणजे इथलं चलन). मूळ बेत सत्तावीस पवनचक्क्या तीन रांगांत उभ्या करायचा होता. लोकांनी हरकती घेतल्या, शहराचा देखावा बिघडेल म्हणाले, आणि आखणीच बदलली. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंकडे त्यातले पाच भाग आहेत. वारा सुटला की सगळे कॉलर वर करतात, ह्या बाई खिडकीतून बघून हसतात.

मालकीचा तिसरा प्रकार फाउंडेशनचा. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या याकोबसेननी १८७६ मध्ये फाउंडेशन स्थापन केलं आणि पुढे कंपनी त्याच्या हाती गेली. आजही अर्ध्याहून जास्त मतं फाउंडेशनकडे आहेत आणि लाभांश विज्ञानाला जातो. शास्त्रज्ञ नील्स बोर तीस वर्षं राहिले ते घरही याकोबसेननीच मागे ठेवलेलं. इन्सुलिनवाल्या कंपनीचंही असंच आहे. याचा फायदा एवढाच की तीन महिन्यांचा नफा घसरला म्हणून कोणी रातोरात कंपनी विकून टाकू शकत नाही. बाकी फाउंडेशन आहे म्हणून धूर पांढरा होत नाही. उगाच भारावून जाऊ नका, मी गेले होते.

आता ज्याच्यामुळे मला हे पत्र तीनदा फाडावं लागलं ते लिहिते. याच सहकारी डेअऱ्यांच्या आणि कत्तलखान्यांच्या जोरावर हा देश निम्म्याहून जास्त जमीन नांगरतो आणि दरवर्षी माणसांच्या कितीतरी पट डुकरं वाढवतो. शेतातलं नत्र वाहून खाडीत उतरतं, शेवाळ माजतं, ते कुजलं की तळातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. एप्रिल २०२४ मध्ये वायले नावाच्या गावच्या लोकांनी आपल्या खाडीचा अंत्यविधी केला, चेष्टेने नाही. सहकाराने दोन गाईंवाल्याला मत दिलं, पण त्या यादीत खाडी कुठेच नव्हती. लोकशाही अगदी शिस्तीत चालली, सगळ्यांनी हात वर केले, आणि पाणी मेलं. मालकी चांगल्या हातांत गेली की बाकी आपोआप होतं, असं मी इथे आल्यावर दोन वर्षं समजत होते. आता नाही समजत.

मग त्याच वर्षी सरकार, शेतकरी संघटना, उद्योग, कामगार आणि निसर्गरक्षणवाले एका टेबलाशी बसले. गुरांमुळे हवेत जाणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर लागणार, टनाला ३०० क्रोनर, २०३५ मध्ये ७५०. शिवाय अडीच लाख हेक्टरवर नवं जंगल. कागदावर झकास. पण त्या करात साठ टक्के वजावट आहे, म्हणजे शेतकऱ्याला प्रत्यक्षात पडणार १२० आणि नंतर ३००. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे. तरी एक सांगते: जे नुकसान आजवर कोणाच्याच वहीत चढत नव्हतं, त्याला पहिल्यांदा रकाना मिळाला. आकडा तोकडा आहे. पण रकाना उघडला की आकड्यावरून भांडता येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की नफा सोडायला कोणीच तयार नाही आणि तसं कोणी मागतही नाहीये. भांडण आहे ते वजाबाकी कुठून सुरू करायची यावर. तुमचं म्हणणं लेखी पाठवा. फोनवर नको.

आईला नमस्कार. तिला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची,
धाकटी

ता. क. इथे बाटली विकत घेताना वर अनामत द्यावी लागते, काचेच्या छोट्या बाटलीवर किंवा डब्यावर एक क्रोनर, छोट्या प्लास्टिकच्या बाटलीवर दीड, मोठीवर तीन. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात सरकवली की पैसे परत. या अनामतीला डॅनिशमध्ये 'पँट' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी दारात येऊन "तुझ्याकडे पँट आहे का, मी नेऊन देतो" असं विचारलं, तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. आता दर शनिवारी आम्ही दोघं बरोबर जातो.