अंगणातला गणिताचा तास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग अनेक वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. 'बाई मुलांना नुसते खेळवतात, वह्या कोऱ्याच आहेत', अशी तक्रार गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या काही पालकांनी एका तरुण शिक्षिकेविरुद्ध केली आणि बाईंना लेखनाची पाने वाढवण्याची सूचना मिळाली. त्यांचा तास मी स्वतः बसून पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी पहिलीत २७ मुले हजर होती. बाईंनी त्यांना अंगणात दहा-दहा जणांची रिंगणे करायला सांगितली, तेव्हा दोन रिंगणे झाली आणि सात मुले सुटी उरली. मग शेजारच्या वर्गातून पाच मुले आली. त्यांतली तिघे सुट्यांना मिळताच तिसरे रिंगण जुळले आणि दोघे बाहेर राहिले. 'हातचा' फळ्यावर समजावण्यात माझे कितीतरी तास खर्ची पडले आहेत, इथे मुलांनी तो एकमेकांचे हात धरून तयार केला. पुढे पाहुण्या पाचांना परत पाठवायची वेळ आली, तेव्हा सुटे दोघेच असल्याचे पाहून एका मुलीने आपण होऊन रिंगणातला हात सोडला. दशक मोडावा लागतो, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

कोऱ्या वह्यांविषयीही लिहिले पाहिजे. मुलाचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा आधी धड आणि खांद्यात येतो, मग कोपर-मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांत; त्यामुळे दोरीवर लोंबकळणे, लंगडी घालणे, कणीक मळणे, मणी ओवणे आणि हात मोठा फिरवून मातीत अक्षर काढणे ही सारी लेखनाचीच तयारी असते. ती न होता पेन्सिल हाती दिली, की मूल ती घट्ट आवळून धरते, हात लवकर दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा तिथेच सुरू होतो.

हे खूळ नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात पाड्यावरचे अंगण हाच वर्ग होता, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. आज २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून, कृतीतून शिक्षणच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान १८० मिनिटांची हालचाल हवी. आमच्या बालवाड्यांत मात्र 'हाताची घडी, तोंडावर बोट' अजून संपलेले नाही.

पालकांची काळजी मला समजते. शेजारच्या खासगी शाळेतल्या मुलाची भरलेली वही दिसते, आपल्या मुलाला आलेली समज तशी दिसत नाही. म्हणून पहिली-दुसरीच्या शिक्षकांचे काम केवळ वह्यांच्या पानांवरून जोखू नये, आणि मैदानावर घेतलेला तास हा अध्यापनाचाच तास म्हणून नोंदवला जावा, अशी शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. त्या बाईंना दिलेली सूचना कायम करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी आणि तक्रारदार पालकांनी एकदा त्यांच्या रिंगणाच्या तासाला पूर्ण वेळ येऊन बसावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. पालघर