ताप नव्हता, म्हणून

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, याची खंत आहे. माझी प्रकृती बरी आहे. आईला न्यूमोनिया झाला होता. ती आता धोक्याबाहेर आहे, पण हे घडले कसे ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावेसे वाटत नाही.

आधी तिची अन्नावरची वासना गेली आणि तिसऱ्या दिवशी ती मला मामाच्या नावाने हाक मारू लागली. मी दिवसातून चारदा ताप मोजत होतो आणि तो नाही म्हणून निश्चिंत होतो. हे वयाचे विस्मरण असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तेव्हा उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. ताप म्हणजे शरीराने दिलेला लढा असतो, आणि म्हाताऱ्या शरीराला कित्येकदा तेवढाही देता येत नाही, असे ते म्हणाले. अशा वेळी संसर्ग असंबद्ध बोलण्यातून किंवा तोल जाऊन पडण्यातून प्रकट होतो.

तिच्या उशाशी बसून मी त्या रात्री जे मिळेल ते वाचत राहिलो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जन्मतःच ती काढलेले उंदीर संसर्गांपुढे हतबल होतात, हे जाक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवून दिले. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी तिथेच आपले आणि परके ओळखायला शिकतात. पण पौगंडावस्थेनंतर ही ग्रंथी आक्रसत जाते, तिच्या जागी मेद साठतो आणि नवख्या पेशींचा पुरवठा रोडावतो. उरतात त्या बहुतांशी जुन्या ओळखी जपणाऱ्या पेशी. म्हणजे आईचे शरीर लहानपणीचा गोवर अजून ओळखत असेल, पण आयुष्यात प्रथमच भेटणाऱ्या जंतूसाठी तिच्याकडे फार थोडे शिलेदार उरले आहेत. त्यातच शरीरात मंद दाह मात्र सतत धुमसत राहतो. मला हे वाचून तिच्याविषयी विलक्षण माया दाटून आली.

लशीवरून आपण किती कडाक्याने भांडलो होतो! म्हातारपणी लस कमी लागू पडते, मग ती टोचायची कशाला, हा माझा मुद्दा होता, आणि त्यातला पहिला भाग खराही आहे. म्हणून तर 65 वर्षांवरील लोकांसाठी फ्लूची चौपट मात्रेची लस निघाली, आणि नागिणीच्या नव्या लशीत प्रतिसाद चेतवणारे द्रव्य मिसळल्यावर सत्तरीपुढच्या माणसांनाही चाचणीत सुमारे 90 टक्के संरक्षण मिळाले. तुझे म्हणणे बरोबर होते. माझ्या हट्टापायी आईची न्यूमोनियाची लस राहिली, हे मला विसरता येत नाही.

काका गेले त्या दिवशी तू पुन्हा पुन्हा म्हणत होतास, ‘त्यांना ताप नव्हता रे.’ मी तुझ्या पाठीवर हात ठेवून ते ऐकले, पण त्याचा अर्थ विचारला नाही. तुलाही तेव्हा कळण्यासारखे नव्हते, सदानंद. एवढे सांगण्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहिले.

मुलीचे लग्न ठरल्याचे वाचून फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग. आई पूर्ण बरी झाली की डॉक्टर तिला लस देणार आहेत. तूही साठी ओलांडली आहेस. स्वतः कोणत्या लशी घेतल्यास, ते उलट टपाली कळव.

तुझा,
माधव