चि. सुहासला, दिवाळीनंतर

डिचोली

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन शुभदाला केलास, मला नाही. असो. नेवऱ्यांचा डबा पडवीतच राहिला, तो तिच्या जावेबरोबर धाडतो आहे. आईचा गुडघा आता बरा आहे.

त्या थपडेबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलो आहे.

मोबाइलबद्दल मात्र लिहितो, कारण तिथं चूक माझी. ओजसने नरकासुराच्या पुतळ्याची तलवार उपसून नंदूच्या कानशिलावर हाणली, तेव्हा पहिला ओरडलो तो मीच. 'हे त्या गेममुळे!' तेही वाड्यावरच्या सगळ्या पोरांसमोर. तू ऑक्सफर्डच्या अभ्यासाचं सांगत होतास, मी ऐकलं नाही. आता तू धाडलेलं सगळं वाचलं. २०१९ चा अभ्यास, १४-१५ वर्षांची हजारावर ब्रिटिश मुलं. गेम किती हिंसक हे अधिकृत श्रेणीवरून ठरवलं, मुलांच्या वागण्याबद्दल त्यांच्या पालकांना विचारलं, आणि दोहोंत संबंध सापडला नाही. मान्य. पण १९६० साली न्यूयॉर्क राज्यात आठ वर्षांच्या मुलांपासून सुरू झालेला तो दुसरा अभ्यासही वाच. लहानपणी टीव्हीवरची मारामारी आवडणारे मुलगे दहा वर्षांनी पाहिले तेव्हा जास्त आक्रमक निघाले होते. अभ्यासकांचंच भांडण मिटलेलं नाही, तर तुझं-माझं कुठून मिटणार?

मारण्याआधी निदान विचारायचंस तरी. नंदूने त्याला नरकासुराचे डोळे रंगवू दिले नव्हते. चार दिवस तो कागद चिकटवत बसला होता, खळ वाळून बोटं पांढरी झालेली. हवं ते ऐनवेळी हातातून गेलं की माणूस अंगावर धावून जातो, असं येल विद्यापीठातल्या मंडळींनी १९३९ सालीच मांडलं. दर वेळी तसं होतंच असं नाही, ही दुरुस्तीही त्यांच्यातल्याच एकाने पुढे केली. म्हणून मुलाला आधी जवळ बसवावं, त्याचं ऐकून घ्यावं, मग...

बघ, पुन्हा मास्तर झालो. माफ कर. तुझा मुलगा, तुझं घर. त्याच्याबरोबर तू रोज संध्याकाळी अभ्यासाला बसतोस हे सूनबाईने सांगितलं, तेव्हा मी शेजारी दोन घरी जाऊन सांगून आलो. मला कधी जमलं नव्हतं ते.

शुभदाची बी.ए.ची पुस्तकं माळ्यावर होती. त्यात बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग पुन्हा वाचला. १९६१, स्टॅनफर्डची बालवाडी, ७२ मुलं. काहींच्या समोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवतं, लाथा घालतं. पुढे चिडवून त्या मुलांना तशाच बाहुल्याजवळ सोडलं, तर बरीच मुलं तशीच बडवू लागली, तेच शब्द तोंडात. हे वर्गात मी कितीदा तरी सांगितलं असेल. पण १९६५ चा पुढचा भाग मी नेहमी दोन वाक्यांत उरकायचो. त्यात मारणाऱ्याला शिक्षा झालेली मुलांनी पाहिली, आणि त्यांनी नक्कल कमी केली. मग करून दाखवाल तर खाऊ मिळेल म्हटल्यावर त्यांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकलेलं होतंच, आत दडलं होतं.

मी मारायचो तेव्हा तू गप्प व्हायचास. मला वाटायचं, शिकला.

शिरगावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तू न विचारता माझी सायकल नेलीस, आठवतं? मी पडवीत आलो, घड्याळ काढलं, सोप्यावर ठेवलं आणि मग मारलं. पट्टा लागू नये म्हणून काढायचो. ती म्हणे माझी माया. परवा रात्री ओजसला पडवीत उभं केलंस आणि मनगटावरचं घड्याळ काढून सोप्यावर ठेवलंस. त्याच खांबाजवळ. मी तुला अडवायला उठलो होतो, पण ते बघितलं आणि पाय हलेनात. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून पुन्हा जे तोंड सोडलं, ते बहुतेक त्यामुळेच.

पहाटे तुळशीपुढे कारीट फोडताना ओजसने आधी तुझ्याकडे बघितलं, मग अंगठा ठेवला. कडू रस जिभेला लावला तरी तोंड वाकडं केलं नाही. आठ वर्षांचं पोर. तूही असाच करायचास आणि मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

लिहायचं नाही म्हणून ठरवलं होतं, तरी लिहिलंच. त्या सायकलसाठी मला मारायला नको होतं, सुहास.

तुझं घड्याळ सोप्यावरच राहिलंय. कागदात गुंडाळून डब्यात नेवऱ्यांच्या खाली ठेवतो. डबा मिळाला की फोन कर, मला. मग फोन ओजसला दे. नेवऱ्या फुटल्या नाहीत ना, एवढंच विचारीन.

बाबा