तोळा नेमका किती ग्रॅमचा?

महोदय,

आजीच्या सोन्याच्या पाटल्या मोडायला गुजरीतील एका सराफी पेढीवर गेलो असता, तिच्या जुन्या चिठ्ठीवरील ‘४ तोळे’ वाचून दुकानदाराने सरळ ४० ग्रॅमचा हिशेब मांडला; आग्रहाने काट्यावर ठेवल्यावर मात्र आकडा ४६.५ दिसला. जुना तोळा १२ मासे, म्हणजे ९६ गुंजांचा (मासा व गुंज ही सोनारांची जुनी वजने), सुमारे ११.६६४ ग्रॅम भरतो. आजचा बाजारी तोळा सोयीसाठी १० ग्रॅमचा धरतात. परदेशी भाव ज्या ट्रॉय औंसात (सोन्या-चांदीच्या मापात) सांगतात, तोही ३१.१०३५ ग्रॅमचा असून २८.३५ ग्रॅमच्या साध्या औंसाहून वेगळा आहे. आपण रोजच्या भावात ‘तोळा’ न छापता ‘१० ग्रॅम’ असे छापावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर