अनुताई, कडेवरचा भाऊही आता आत असतो

आदरणीय अनुताई वाघ यांना सादर प्रणाम.

खराडीतल्या एका बांधकामावर पत्र्याच्या खोलीत मी बालवाडी घेते. सुरुवातीला एक आठ वर्षांची मुलगी रोज दाराशी येऊन उभी राहायची. कडेवर धाकटा भाऊ. "आत ये गं" म्हटलं की नुसती मान हलवायची. आई विटा वाहायला गेलेली, मग भावाला ठेवणार कुठे? रांगतं मूल वर्गात नको, हा नियम माझाच होता आणि मला तो योग्यच वाटायचा.

मग तुम्ही आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी लहान मुलांच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाविषयी वाचलं. १९४५ साली तुम्ही डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेलात. मुलं शाळेत येईनात, तेव्हा वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवलेत. अंगणवाडी उभी राहिली ती तिथे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलं गुरांमागे रानात जायची, तर कुरणशाळा त्यांच्या मागे गेली. विकासवाडीत तर तुम्ही पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडलीत, कारण थोरल्या बहिणींना धाकट्यांना सोडून येता येत नव्हतं. इथे मी वाचायची थांबले. माझ्या दारातली मुलगी तुम्हाला कितीतरी आधी दिसली होती!

दुसऱ्या दिवशी खोलीच्या कोपऱ्यात जुन्या साडीची झोळी बांधली. भाऊ झोळीत, बहीण पाटी घेऊन शेजारी. आठवड्याभरात आणखी तिघी आल्या, आपापली भावंडं घेऊन. महागडी साधनं माझ्याकडे नाहीत. तुम्ही शंख-शिंपले, बिया, पानं वापरलीत. आम्ही चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं मोजतो, चाळलेल्या वाळूत बोटानं अक्षरं गिरवतो.

लक्ष्मी रस्त्यावरून जाताना हुजूरपागा या मुलींच्या शाळेपाशी माझं पाऊल हल्ली थांबतं. तुम्ही मोरगावची मुलगी, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. तरी शिकलात, याच शाळेत शिकवलंत, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झालात. पुण्यातली अशी जागा सोडून बोर्डीची वाट धरणं मला जमलं असतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारते.

अनुताई, दिवाळीनंतर हे काम संपेल. कुटुंबं वाघोलीच्या नव्या बांधकामावर जायची आहेत. तिथल्या मुकादमाशी मी बोलून आले, एक खोली मिळते आहे. झोळीची साडी धुऊन ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
एक बालवाडी शिक्षिका, पुणे